वास्तूला जडलेला गवंडी

मनुष्य कोणाच्या मालकीचा असू शकत नाही, हे सर्वांना मान्य आहे. दगड मात्र कोणाच्या ना कोणाच्या मालकीचा असतोच. ज्याच्या जमिनीत सापडला त्याचा, ज्याने उचलून आणला त्याचा, नाहीतर सरकारचा. ही दोन्ही मते आपापल्या जागी निर्दोष आहेत आणि एरवी त्यांची गाठही पडत नाही. गाठ पडते ती मनुष्याचा दगड झाल्यावर. मग त्याच्यावरची माया आणि त्याच्यावरचा हक्क, जे आजवर एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदत होते, एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. आणि न्याय कोणत्या बाजूस आहे हे सांगणे जाणत्यालाही जड जाते.

त्या गावी माणसे अधूनमधून दगडाची होत असत. का होत, हे कोणाला ठाऊक नव्हते आणि विचारण्याची पद्धतही मागे पडली होती. एखादा शिंपी सुईत दोरा ओवताना होई. एखादी सासू वाक्याच्या मध्यावर होई, आणि ते वाक्य पुढे कसे जाणार होते याचा विचार सून जन्मभर करत राही. नातलग हातगाडी आणि जुनी गोधडी घेऊन येत, मूर्ती जपून घरी नेत, वाऱ्याची जागा पाहून उभी करत. मूर्तींना ऐकू येते की नाही याबद्दल दोन मते होती. तेव्हा त्यांच्यासमोर भांडायचे झाल्यास हळू भांडावे, एवढा संकेत बहुतेक घरांत पाळला जाई.

नगरपालिकेने याबाबत एकच नियम केला होता. मूर्ती मोकळी उभी असेल तर ती नातलगांची. वास्तूला जडलेली असेल तर वास्तूच्या मालकाची. कोणा एका घराण्याने आपले आजोबा सोडवून नेताना शेजाऱ्याचा अर्धा जिना सोबत नेला होता, त्यानंतर हा नियम झाला. तो साधा होता आणि पुष्कळ वर्षे कोणाला टोचला नाही.

आता ज्या गवंड्याची ही गोष्ट आहे, तो कामात आणि बोलण्यात इतका सरळ होता की बरोबरीचे कारागीर त्याला ओळंबा म्हणत; भिंत उभी सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी दोरीला जे वजन लोंबकळते, त्याचे हे नाव. त्याच्या हाताखाली त्याचा धाकटा भाऊ काम करी. धाकट्याला दादाचा शब्द हेच शास्त्र होते. त्या शास्त्रातले पहिले वचन असे, की दरज उघडी ठेवून घरी जायचे नाही. दोन वस्तू जिथे भेटतात तिथली फट म्हणजे दरज. ती मालाने नीट भरावी, गुळगुळीत करावी, मगच थापी धुवावी.

दोघे भाऊ त्या वेळी एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी काम करत होते. तिला सारा गाव नुसते बाई म्हणे. बाईंना स्वयंपाकघर आणि कोठीची खोली यांमधली भिंत काढून ऐसपैस स्वयंपाकघर हवे होते. भिंत काढली, तिच्यावरची जुनी लाकडी तुळई टेकूंवर तोलून धरली, आणि मधोमध नवा खांब उभारण्यासाठी खड्डा खणला. तुळईच्या बरोबर वर, माडीवर, बाईंच्या थोरल्या बहिणीची खाट होती. तिला अक्का म्हणत. अक्का अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि हातातली काठी जमिनीवर आपटून खालच्या घराचा कारभार पाहत.

ओल्या फरशीवरून मधला टेकू सटकला तेव्हा बाई वर अक्कांना औषध देत होत्या. तुळई करकरली. थोरला खड्ड्यात उतरून तिच्याखाली गेला, दोन्ही तळवे वर लावून उभा राहिला आणि ओरडला, "टेकू आण! पळ!"

धाकटा पळाला. अंगणातून दुसरा टेकू घेऊन आला आणि म्हणाला, "आणला दादा. सरक जरा."

दादा सरकला नाही. धाकट्याने त्याच्या खांद्यावर थापीच्या मुठीने ठोकून पाहिले. आवाज भरीव आला.

त्याने टेकू लावला. मग त्याची नजर वर गेली. दादाचे तळवे तुळईला टेकले होते खरे, पण मनगटाकडच्या बाजूला, जिथे तळवा लाकडापासून सुटला होता, तिथे बोटभर फट दिसत होती. माल कालवून तयार होता. धाकट्याने ती दरज भरली. इतकी सुबक भरली, की लाकूड कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो हे बोट फिरवूनही कळू नये. मग खाली पाहिले, तर खड्डाही उघडाच. त्याने दादाच्या घोट्यांभोवती विटा रचून पाया बांधला. शेवटी टेकू काढून पाहिला; तुळई केसभरही हलली नाही. तेव्हा त्याने टेकू जागेवर नेऊन ठेवला आणि थापी धुतली.

बाई खाली आल्या. "झालं का रे?"

"झालं, बाई."

"आणि हे काय?"

"हा दादा," धाकटा म्हणाला, आणि तेव्हा कुठे तो रडायला लागला.

गवंड्याची बायको घरी चूल आवरत होती. धाकटा तिला वहिनी म्हणे. आपणही वहिनीच म्हणू. तिने सगळे ऐकून घेतले. रडण्याआधी तिने एकच गोष्ट विचारली.

"भाऊजी, आधी मला सांगायला यायचं, की आधी माल संपवायचा?"

"घट्ट झाला असता, वहिनी."

"आणि पायाही बांधलात?"

"खड्डा उघडा होता."

वहिनीने कोपऱ्यातली गोधडी ओढून घेतली. "धन्य आहे तुम्हा दोघा भावांची," ती म्हणाली, "एक हलत नाही आणि दुसऱ्याला थांबवत नाही."

ती हातगाडी आणि गोधडी घेऊन बाईंच्या घरी गेली. बाईंनी तिला आत घेतले, पाणी दिले, सांत्वनाचे जे शब्द बोलायचे ते बोलल्या. बाई कठोर नव्हत्या. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांची मुले शिकवली होती आणि स्वतःचे म्हणावे असे त्यांना हे घर आणि वरची अक्का एवढेच उरले होते. धाकट्याने दोन्ही बाजूंना टेकू लावले आणि छिन्नी घेतली. पाया सहज सुटेल असे दिसले. तळव्यांपाशी मात्र त्याचे स्वतःचे काम त्याच्या आड आले. पहिल्या घावाला माल जसाच्या तसा राहिला आणि करंगळीच्या मुळाशी दगडाचा बारीक कपचा उडाला.

"थांबा!" वहिनी ओरडली. "हात तोडून न्यायचे काय त्यांचे? गवंड्याचे हात?"

तिने तो कपचा पदराच्या गाठीत बांधला. धाकटा म्हणाला, "एक मार्ग आहे. दोन बाजूंना दोन खांब उभारायचे, वरून लोखंडी गर्डर टाकायचा, आणि मधला तुळईचा तुकडा कापून दादाबरोबरच खाली घ्यायचा."

"तुळई कापायची नाही," बाई म्हणाल्या. "वडिलांनी आणलेलं लाकूड आहे. आणि वर अक्काची खाट आहे. ती दुसऱ्या खोलीत जाणार नाही, मला ठाऊक आहे. तिच्याखालून तुळई कापताना काही झालं तर मी कुणाकडे पाहू?"

वहिनी रिकामी हातगाडी घेऊन परतली. वाटेत शेजारणीने विचारले, "नाही आणलं?" ती म्हणाली, "अजून कामावरून सुटले नाहीत." हे वाक्य ती पुढे प्रत्येकाला सांगत राहिली आणि तिला त्याहून जास्त काही म्हणायचेही नव्हते. तिचा नवरा सकाळी कामाला गेला होता. दगड झाला असो की काही होवो, कामाला गेलेला माणूस घरी आला पाहिजे, एवढेच तिचे मागणे होते.

धाकटा मात्र रोज सकाळ-संध्याकाळ बाईंच्या घरी जाऊन दादाच्या तळव्यांवर आणि घोट्यांवर पाणी शिंपडून येई. नव्या बांधकामाला पाणी मारावेच लागते. वहिनीने त्याला विचारले, की जे सोडवायचे आहे ते आणखी पक्के कशाला करता? त्याला हे पटले. पण भेग पडलेली त्याला पाहवली नसती, म्हणून तो जात राहिला.

बाईंच्या मनात भीती शिरली, की आपण घरात नसताना हे लोक येऊन ओढाओढ करतील. त्यांनी नगरपालिकेत कळवले आणि मूर्तिनिरीक्षक पाहणीला आले. गृहस्थ सौम्य होते. त्यांनी मूर्तीला नमस्कार केला, दोन्ही तळव्यांपाशी बोट फिरवले, पाया पाहिला, आणि धाकट्याकडे वळून म्हणाले, "काम उत्तम आहे."

"दादाने शिकवलं," धाकटा म्हणाला.

"तीच अडचण आहे. यात फट कुठेच नाही. मूर्ती वास्तूला जडलेली आहे; तेव्हा नियमाप्रमाणे ती बाईंची."

अशा रीतीने गवंडी बाईंच्या मालकीचा झाला. बाईंनी वहिनीला दुपारी येऊन बसायची मुभा दिली, आणि वहिनीही येऊ लागली. नवऱ्यासमोर स्टूल टाकून ती घरातल्या गोष्टी सांगे: कौल फुटले, शेजारणीची मांजर व्याली, भाऊजी जेवत नाहीत. बाई तेवढा वेळ अदबीने माडीवर जाऊन बसत. दोघींमध्ये एक प्रकारचा सलोखा होऊ पाहत होता.

तो एका दुपारी मोडला. वहिनी आत आली तेव्हा गवंड्याच्या उजव्या कोपरावर भांडी पुसायचे फडके वाळत होते आणि डाव्या कोपराला चहाची गाळणी लटकत होती.

"बाई," ती म्हणाली, "हे काय?"

बाई जिन्यावरूनच ओशाळल्या. "अहो, तिथे हवा लागते. मुद्दाम नाही हो. हात गेला आणि ठेवलं."

"माझ्या नवऱ्याच्या अंगावर गाळणी?"

"काढते. आत्ता काढते. पण तुम्ही आवाज चढवू नका, अक्का झोपलीय."

"माझ्या घरी त्यांनी स्वतःची टोपीसुद्धा कधी खुंटीला लावली नाही, आणि तुम्ही त्यांचीच खुंटी केलीत!"

"मी रोज त्यांना पुसते. धूर बसू देत नाही. तुमच्याइतकीच काळजी घेते."

"माझ्याइतकी? तुम्ही मालकीण, मी नुसती बायको. माझ्याइतकी कशी होईल?"

हे बोलणे बाईंना लागले. त्या भल्या असल्यामुळे त्यांनी दुसऱ्याच दिवशी निरीक्षकांना बोलावून घेतले, आणि धाकट्यालाही. स्वयंपाकघरात चौघे जमले. गवंडी मध्ये उभा होता, त्यामुळे सर्वांना त्याच्या दोन्ही बाजूंनी वाकून एकमेकांशी बोलावे लागत होते.

निरीक्षक म्हणाले, "यावर तोडगा आहे. बाई मालकीण आहेत. त्यांची इच्छा असेल तर त्या ही मूर्ती तुम्हाला दान देऊ शकतात. तुळई कापायची की नाही ते मग तुम्ही दोघी ठरवा."

"मी तयार आहे," बाई म्हणाल्या. "देते दान."

"मला नको," वहिनी म्हणाली.

धाकटा कळवळून म्हणाला, "वहिनी, अहो घ्या की! घरी येईल दादा."

"माझा नवरा मला कुणी दान द्यायचा नाही. दान घेतलं म्हणजे आजवर तो यांचा होता हे मी कबूल केलं. साहेब, तुमच्या नियमाला एक विचारू?"

"विचारा."

"माझा नवरा यांच्या तुळईला चिकटला म्हणून यांचा झाला. बरोबर?"

"बरोबर."

"मग यांची तुळई माझ्या नवऱ्याला चिकटली, ती माझी का नाही झाली?"

निरीक्षकांनी वर पाहिले. दरज खरोखरच अशी होती, की कोण कोणाला जडले आहे हे सांगता येऊ नये. "नियमात तसं म्हटलेलं नाही," ते सावकाश म्हणाले, "पण तसं नाही, असंही म्हटलेलं नाही."

"म्हणजे तुळई माझी. तुळईवर माडी आहे, तीही माझी. आणि माडीवर अक्का आहेत."

"अक्काला मध्ये आणू नका!" बाई कडाडल्या.

त्याच क्षणी माडीवर काठी आपटली. एकदा आपटली असती तर पाणी हवे असा अर्थ होता; ही सारखी आपटत होती. सगळे जिना चढून वर गेले. अक्का उशीला टेकून बसल्या होत्या.

"कोण कुणाचं आहे ते चाललंय ना खाली?" त्या म्हणाल्या. "पाय हलत नाहीत माझे, कान शाबूत आहेत. त्या माणसावर माझी खाट आहे, हे मला कुणी सांगितलं का?"

"तुला त्रास नको म्हणून नाही सांगितलं, अक्का," बाई म्हणाल्या.

"त्रास! रोज दुपारी ही बिचारी नवऱ्याला मांजरीच्या गोष्टी सांगते आणि मी वर पडून ऐकते, की हा कुठला अबोल माणूस, एका शब्दानं उत्तर देत नाही. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. आज कळतंय की तो मलाच उचलून उभा आहे. माझी खाट मागच्या खोलीत न्या."

"पण तू तर म्हणायचीस, मागच्या खोलीत उजेड नाही. मरेपर्यंत इथून हलणार नाही म्हणून."

"ते तू विचारलंस तेव्हा म्हटलं. तुला नाही म्हणायची सवयच आहे मला. आता मीच सांगतेय, तर ऐक."

खाट त्याच दुपारी हलली. निरीक्षकांनी एक बाजू धरली. बाई मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहून अक्कांना नव्या जागी स्थिरावताना पाहत होत्या. मग त्या एकट्याच खाली आल्या आणि गवंड्यासमोर थांबल्या. त्यांच्या मागून वहिनीही उतरली.

"दान म्हटलं ते चुकलंच माझं," बाई त्याच्याकडे पाहूनच म्हणाल्या. "शाळा सुटल्यावर मूल आपल्या घरी जातं. तेव्हा शाळेनं ते आईला दान केलं असं कुणी म्हणत नाही. यांचं इथलं काम संपलंय. सुट्टी झाली यांची. एवढंच."

वहिनीने बाईंचा हात हातात घेतला.

निरीक्षकही जिना उतरून आले होते; त्यांनी यावर विचार केला. "सुट्टी झालेला कारागीर वास्तूला जडलेला म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "मालकीचा प्रश्नच उद्भवत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं." मग जरा घुटमळून त्यांनी विचारले, "आणि त्या लाकडाच्या तुकड्याचं?"

"लाकूड वडिलांचं आहे," बाई म्हणाल्या. "ते मी देत नाही. त्यांच्या हातात आहे तोवर राहू दे. कधी त्यांनी खाली ठेवलं तर परत पाठवा."

"पाठवीन," वहिनी म्हणाली.

धाकट्याने दोन्ही बाजूंना खांब उभारले, त्यांना पुरेसे पाणी मारले, वरून गर्डर टाकला. मग करवत घेऊन तो तुळईपाशी गेला. पहिला काप झाला, दुसरा झाला, आणि माडीचा भार खांबांवर बसला. आता गवंड्याच्या हातावर लाकडाच्या एका तुकड्याखेरीज काही उरले नव्हते. सगळ्यांनी श्वास रोखून त्याच्या खांद्यांकडे पाहिले. खांदे होते तसेच राहिले.

"ओझं गेल्याचं त्याला कळलंच नाही बहुतेक," धाकटा खिन्न होऊन म्हणाला.

"कळलंय," वहिनी म्हणाली. "पण नीट बसलंय की नाही ते बघतायत. तुम्ही काम केलंत ना, म्हणून."

हे धाकट्याला पटले. त्याने खांबांच्या दरजा पुन्हा एकदा तपासल्या आणि एका जागी बोट फिरवले. मग पाया फोडून त्याने दादाचे घोटे मोकळे केले, गोधडीत गुंडाळले आणि सर्वांनी मिळून मूर्ती हातगाडीवर आडवी ठेवली. आडवा झाल्यावर गवंडी पलंगावर आळस देणाऱ्या माणसासारखा दिसू लागला. कोणी हसले नाही, पण अक्कांना हे मागाहून सांगितले तेव्हा त्या खूप हसल्या.

सगळी आवराआवर झाली, दुपार कलली, तरी वहिनी गाडी निघू देईना. "थोडं थांबा," ती म्हणाली. कामकरी माणसे ज्या वेळी घमेली पालथी घालून घराकडे निघतात, ती वेळ होईपर्यंत ती थांबली. मग गाडी निघाली. रस्त्यात इतर गवंडी, सुतार, हमाल आपापल्या डब्यांसह परतत होते. त्यांनी गाडीला वाट दिली आणि काही पावले तिच्याबरोबर चालले, जसे एरवीही चालले असते. "काय ओळंबा, सुटलास का?" असे एकाने सवयीने विचारले, आणि वहिनीनेच उत्तर दिले, "सुटले."

घराचे दार बुटके होते. हात वर असलेला माणूस त्यातून उभा जाईना. धाकट्याने चौकटीवरच्या विटा काढायला घेतल्या. वहिनी उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिली, आणि शेजारीण रस्ता ओलांडून येताच तिने तिला सांगितले, की आले.

ज्याने दुसऱ्याच्या छताखाली स्वतःला उभे केले, त्या हातांना विश्रांती लाभो. ज्याने प्रेमापोटी बांधले आणि प्रेमापोटीच सोडवले, त्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या टिको. जिने न्याय मागितला आणि दान नाकारले, तिच्या घरून कामाला गेलेला प्रत्येक माणूस परत येवो. आणि त्या दोघी बहिणींच्या वास्तूत, खांब भक्कम असोत, उजेड पुरेसा असो, आणि शांती नांदो.